कारखान्याला टाळं लागलं, घरात मुलं आहेत: सरकारकडून काय मिळतं? (आधी राजीनाम्यावर सही करू नका)

एका ताईंनी विचारलं आहे: नवरा सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात 11 वर्षं मागावर होता. दोन महिन्यांपूर्वी मालकाने "मंदी आहे, बोलावलं की या" असं सांगून सगळ्यांना घरी बसवलं. आता मुनीम म्हणतो, एका कागदावर सही करा आणि उरलेला पगार घेऊन जा. ताई घरी विड्या वळतात. मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत. शिवाय विधवा जाऊ आणि तिची दोन-अडीच वर्षांची मुलगी त्यांच्याकडेच असते. दीर गेल्या वर्षी वारले. कुणीतरी सांगितलं की बेरोजगारांना सरकार महिन्याला 5,000 रुपये देतं. ते कुठे मिळतात, हा प्रश्न.

ताई, मी 22 वर्षं पूर्व भागात कामगारांचे अर्ज भरण्याचं आणि अडलेले पैसे सोडवण्याचं काम करतो. तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ते 5,000 नाहीत, मुनिमाचा तो कागद आहे. त्यावर सही झाली आहे का? नसेल, तर करू नका. झाली असेल, तर नेमकं काय लिहिलं होतं ते आठवून लिहून ठेवा आणि मोबाईलवर कागदाचा फोटो मिळतो का बघा.

त्या कागदावर बहुतेक वेळा "मी घरगुती कारणासाठी स्वखुशीने काम सोडत आहे, माझा सर्व हिशेब मिळाला" असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे बेकारीचा भत्ता माणूस आज रिकामा आहे म्हणून मिळत नाही. तो नोंदीत होता आणि त्याची इच्छा नसताना त्याचं काम गेलं, म्हणून मिळतो. स्वखुशीने सोडलं असं लिहून दिलं की तो हक्क तिथेच संपतो. काही वर्षांपूर्वी एका जकार्ड कारखान्यातल्या 14 वर्षांच्या जुन्या माणसाने दिवाळीच्या बोनससाठी अशाच कोऱ्या कागदावर अंगठा दिला होता. बोनस मिळाला, पण पुढे कारखाना बंद झाला तेव्हा तोच कागद राजीनामा म्हणून समोर आला. मी त्याच्यासोबत दीड वर्ष फिरलो. हाती फक्त ग्रॅच्युइटी लागली, आणि तीही तडजोडीत. तो माणूस अजून भेटला की मला वाईट वाटतं. म्हणून हे पहिल्यांदा सांगतोय.

राहिलेला पगार हा केलेल्या कामाचा पैसा आहे. तो मिळवण्यासाठी राजीनामा द्यावा लागत नाही. मालक अडवत असेल तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात साध्या कागदावर अर्ज द्या आणि पोच घ्या.

5,000 रुपयांचं आता स्पष्टच सांगतो. काम नसलेल्या प्रत्येकाला दरमहा भत्ता देणारी अशी कोणतीही योजना महाराष्ट्रात नाही. मोबाईलवर जे फॉर्म फिरतात त्यात आधार आणि बँकेचा नंबर टाकू नका. ई-श्रम कार्डाचंही तसंच. ते 2021 च्या ऑगस्टपासून सुरू आहे आणि असंघटित कामगारांची नोंद म्हणून उपयोगी आहे, पण नुसत्या कार्डावर महिन्याला पैसे येत नाहीत. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आहे, तिच्यात बारावी झालेल्याला 6,000, आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये विद्यावेतन ठरलं आहे. पण ती 18 ते 35 वयाच्या मुलामुलींना शिकाऊ म्हणून काम देण्यासाठी आहे, मागावरून उठवलेल्या माणसासाठी नाही. रोजगार हमीतही काम मागून मिळालं नाही तर भत्त्याची तरतूद आहे, मात्र ती ग्रामीण भागापुरती.

मग तुमच्या नवऱ्यासाठी काय आहे? ईएसआय. म्हणजे कर्मचारी राज्य विमा, आपण ज्याला नुसतं विमा म्हणतो तो. बहुतेकांना त्याचा दवाखाना माहीत असतो, बेकारीचा भत्ता माहीत नसतो. पगारातून 0.75 टक्के कापले जातात आणि मालक 3.25 टक्के भरतो. 10 किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात, महिना 21,000 पर्यंत पगार असलेल्यांना हे लागू आहे. यात कामाला मुकलेल्यांसाठी दोन वेगवेगळ्या योजना आहेत. लोक त्या एकच समजतात आणि बऱ्याचदा लहान योजनेचा अर्ज भरून मोकळे होतात.

लहान म्हणजे अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. काम सुटल्यापासून 30 दिवसांनी अर्ज करता येतो. सरासरी रोजाच्या 50 टक्के, जास्तीत जास्त 90 दिवस, आयुष्यात एकदा. अट अशी की काम सुटण्याआधीची किमान दोन वर्षं विम्यात असावा. विम्याची गणती सहा-सहा महिन्यांची असते, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. काम सुटण्याच्या लगेच आधीच्या सहामाहीत किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली हवी, आणि त्याआधीच्या तीन सहामाहींपैकी एखादीत पुन्हा 78 दिवस. आपल्याकडे घोडं अडतं ते इथेच. माणूस महिनाभर राबतो आणि रजिस्टरला त्याची हजेरी 10-12 दिवसांचीच दाखवलेली असते. ही योजना ठरावीक मुदतीची आहे आणि 2018 पासून मुदत वाढत आली आहे, म्हणून विम्याच्या शाखा कार्यालयात पहिला प्रश्न "अटल योजना आज चालू आहे का" हाच विचारा.

मोठी योजना म्हणजे राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, 1 एप्रिल 2005 पासूनची. कारखाना बंद पडला किंवा कामगार कपात झाली तर ही लागू होते. किमान दोन वर्षांची विम्याची वर्गणी हवी. पहिले 12 महिने रोजाच्या 50 टक्के, पुढचे 12 महिने 25 टक्के. आणि या काळात घरातल्या सगळ्यांना विम्याचा दवाखाना चालू राहतो. लहान मुलं असलेल्या घराला हे फार मोठं आहे, कारण कार्ड बंद झालं की एका डेंग्यूत घरातली सगळी शिल्लक जाते.

हिशेब करून बघू. समजा नोंदीवरचा पगार महिना 12,000, म्हणजे रोज 400. अटल योजनेत रोज 200 प्रमाणे 90 दिवसांचे 18,000 होतात. राजीव गांधी योजनेत पहिल्या वर्षी महिना साधारण 6,000 आणि दुसऱ्या वर्षी 3,000, एकूण 1,08,000 च्या आसपास. दोन्हींचा भत्ता एकाच वेळी घेता येत नाही. तेव्हा कारखाना खरोखर बंद झाला असेल तर मोठ्या योजनेच्या मागे लागा, असं माझं ठाम मत आहे.

पण तिथे एक अडचण आहे, आणि मालकांना ती चांगली ठाऊक असते. "बोलावलं की या" म्हणजे कारखाना बंद नाही आणि चालूही नाही. बंद झाल्याचा कागद नाही, कपातीचं पत्र नाही, टाळेबंदी जाहीर नाही. माणूस मधल्यामध्ये लटकतो. यावर उपाय एकच, आपणच कागद तयार करायचा. नवऱ्याने मालकाच्या नावाने साधं पत्र लिहावं: मी अमुक तारखेपासून कामावर यायला तयार आहे, आपण काम दिलेलं नाही, काम द्या किंवा कारखाना बंद असल्याचं लेखी द्या. रजिस्टर पोस्टाने पाठवा, एक प्रत कामगार आयुक्त कार्यालयात द्या. शक्य असेल तर पाच-दहा जणांनी मिळून द्या. एकट्याचं पत्र कपाटात जातं, दहा जणांच्या पत्रावर तारीख पडते. आणि "काम मागूनही मिळालं नाही" हे कागदावर आलं की पुढे कुणी स्वखुशीने सोडलं म्हणू शकत नाही.

कारखाना बंद झाल्याचं ठरलं की मालकाकडूनही दोन रकमा येणं आहे. एक भरपाई, वर्षाला 15 दिवसांचा पगार. दुसरी ग्रॅच्युइटी, हीसुद्धा वर्षाला 15 दिवसांची, पण 26 ने भागून काढतात आणि पाच वर्षं नोकरी झालेली लागते. 12,000 पगार आणि 11 वर्षं धरली तर ग्रॅच्युइटी 76,154 रुपये होते आणि भरपाई 66,000 च्या घरात जाते. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, तरी 15 दिवसांचा हा हिशेब कायम आहे. मागावर पीस रेटने पगार मिळत असेल तर ग्रॅच्युइटीला शेवटच्या तीन महिन्यांची सरासरी धरतात. म्हणून त्या तीन महिन्यांच्या पावत्या जपा, आणि आधीच्याही. 11 वर्षांच्या माणसाला मुनीम पंधरवड्याचा पगार देऊन सही का मागतो, ते आता लक्षात आलं असेल.

हे सगळं नवऱ्याचं नाव विमा आणि पीएफच्या नोंदीत असेल तर. ते आजच बघा. विमा नंबर 10 आकडी असतो, पीएफचा नंबर, म्हणजे यूएएन, 12 आकडी. नंबर सापडला तर ऑनलाइन वर्गणीच्या नोंदी दिसतात. नंबरच नसेल तर? आपल्या गावात अशी माणसं खूप आहेत. एकाच छपराखाली चार नावांनी चार कारखाने दाखवले की कुठल्याच कारखान्यात माणसं पुरेशी दिसत नाहीत. तेव्हा काम केल्याचा जो पुरावा मिळेल तो गोळा करा: हजेरी कार्ड, हप्त्याच्या चिठ्ठ्या, बँकेत आलेला पगार, गेटपास, खात्यातला बोनस, मागाजवळचा एखादा जुना फोटो. पगारातून कापून घेऊन न भरणं हा मालकाचा गुन्हा आहे, कामगाराचा त्यात काही दोष नाही. त्याची तक्रार विमा आणि पीएफ या दोन्ही कार्यालयांत वेगवेगळी करावी लागते. वेळ लागतो, पण मी अशी प्रकरणं सुटताना पाहिली आहेत.

पीएफबद्दल एवढंच. काम गेल्यावर खात्यातले 75 टक्के काढता येतात. गरज असेल तर काढा, त्यात लाज नाही. पण एजंट सोबत पेन्शनचाही फॉर्म भरून सगळं साफ करायला सांगेल, ते करू नका. पेन्शनसाठी 10 वर्षांची सेवा लागते आणि तुमच्या नवऱ्याची 11 झाली आहेत. पीएफच्या नोंदीत 10 वर्षं पूर्ण असतील तर पेन्शनचे पैसे असे एकरकमी काढताच येत नाहीत, आणि नोंदीत कमी वर्षं दिसत असतील तर ती थोडक्या पैशांत मोडल्याने म्हातारपणाची पेन्शन जाईल. मालकाने काम सुटल्याची तारीख भरली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती कामगाराला स्वतःच पोर्टलवर टाकता येते.

आता मुलांकडे येऊ. नुसता बाप बेकार झाला म्हणून मुलांच्या नावाने महिन्याला पैसे देणारी योजना नाही. पण तुमच्या घरात तीन मुलं आहेत आणि तिघांचे रस्ते निराळे आहेत.

तुमच्या दोघा मुलांना पैसे तुमच्या विडीच्या कार्डावर मिळतात, नवऱ्याच्या नव्हे. बायका हे कार्ड ट्रंकेत ठेवून देतात. विडी कामगारांच्या मुलांना केंद्र सरकारच्या श्रम कल्याण खात्याकडून दरवर्षी शिष्यवृत्ती आहे: पहिली ते चौथी 1,000, पाचवी ते आठवी 1,500, नववी-दहावी 2,000, अकरावी-बारावी 3,000, आयटीआय, डिप्लोमा किंवा साध्या पदवीला 6,000 आणि इंजिनिअरिंग-मेडिकलसारख्या शिक्षणाला 25,000. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरायचा असतो आणि शाळेने तो पुढे पाठवायचा असतो. मुलीच्या अर्जावर शाळेने वेळेत शिक्का मारला का, हे तुम्ही स्वतः जाऊन विचारा. अर्ज नाकारले जाण्यापेक्षा शाळेतच पडून राहिल्याने जास्त मुलांचे पैसे बुडतात.

आठवीतल्या मुलीसाठी आणखी एक, एनएमएमएस, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांसाठीची शिष्यवृत्ती परीक्षा. सरकारी, महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेतली मुलं आठवीत असताना ती देतात. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि सातवीला 55 टक्के. यादीत नाव आलं तर नववी ते बारावी दरवर्षी 12,000 मिळतात. चार वर्षांचे 48,000. ही संधी फक्त आठवीतच असते, म्हणून वर्गशिक्षकांना उद्याच भेटा. शिष्यवृत्ती लागली तर विडीवाली सोडून हीच घ्या, ती मोठी आहे. तुम्ही पद्मशाली असाल, तर हा समाज विशेष मागास प्रवर्गात येतो. जातीचा दाखला असेल तर त्या प्रवर्गातल्या मुलींची सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीही शाळेतूनच मिळते.

सगळ्यात जास्त आधार तुमच्या जावेला आणि तिच्या मुलीला मिळू शकतो, आणि तुम्ही त्यांचा उल्लेख शेवटी एका ओळीत केला आहे. वडील वारलेल्या मुलीला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजनेतून महिना 2,250 रुपये मिळतात, वयाच्या 18 वर्षांपर्यंत. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जातो, घरी चौकशीला माणूस येतो आणि बाल कल्याण समिती आदेश काढते. चौकशीला आलेल्याला घर नीटनेटकं दाखवायची धडपड करू नका, जे आहे ते सांगा. मुलीचा जन्म 1 एप्रिल 2023 नंतरचा, रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी आणि वार्षिक उत्पन्न लाखाच्या आत असेल तर लेक लाडकीही आहे: जन्मानंतर 5,000, पहिलीत 6,000, सहावीत 7,000, अकरावीत 8,000 आणि 18 पूर्ण झाल्यावर 75,000, मिळून 1,01,000. हा अर्ज अंगणवाडी ताईंकडे.

जावेला स्वतःला संजय गांधी निराधार योजनेचे महिना 1,500 मिळू शकतात, उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 21,000. लाडकी बहीणचे 1,500 तिला आधीच येत असतील तर दोन्ही एकत्र मिळणार नाहीत. दोन्ही घेऊन बसली आणि पुढे वसुलीची नोटीस आली, असं होऊ देऊ नका. कुटुंब दारिद्र्यरेषेखालच्या यादीत असेल आणि दीर 18 ते 59 वयाचे, कमावते होते, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी 20,000 तहसीलमधून मिळतात. वर्ष होत आलं आहे, आता उशीर नको.

आणि दिरांचा पीएफ कापला जात होता का? हे कुणी विचारलेलं नसणार. कापला जात असेल तर विधवेला पेन्शन आहे, किमान 1,000 महिना, आणि शिवाय मुलीला तिच्या पंचविशीपर्यंत विधवेच्या पेन्शनच्या 25 टक्के, किमान 250. नोकरीत असतानाच वारले असतील तर पीएफसोबतच्या आयुर्विम्याची रक्कम निराळी, ती 7 लाखांपर्यंत जाते. मी ही चौकशी केली तेव्हा दोन घरांत असे पैसे सापडले जे त्या बायकांना ठाऊकच नव्हते. दिरांच्या जुन्या मालकाकडे जावेला एकटीला पाठवू नका, सोबत जा.

एक सावधगिरी. बांधकाम कामगार मंडळाचे लाभ चांगले आहेत, म्हणून एजंट कुणाचंही कार्ड काढून देतो म्हणतात. वर्षात 90 दिवस बांधकामावर काम केलेलं असेल तरच ते कार्ड काढा. खोटं कार्ड पकडलं गेलं तर पैसे परत द्यावे लागतात, आणि विडी आणि बांधकाम अशा दोन्ही नोंदी दिसल्या की खरी असलेली विडीची नोंदही संशयात येते. ज्या घराला खरे हक्क इतके आहेत त्याने खोट्याच्या वाटेला जाऊ नये.

पैसे मंजूर होऊनही हातात न येण्याची आपल्या गावातली दोन कारणं सांगतो. पहिलं नाव. आपल्याकडची तेलुगू आडनावं कारखान्याच्या रजिस्टरला एका पद्धतीने, आधारवर दुसऱ्या आणि रेशनकार्डावर तिसऱ्या पद्धतीने लिहिलेली असतात. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. माहेरचं नाव विडी कार्डावर आणि सासरचं आधारवर. माणसाला ते एकच दिसतं, संगणकाला नाही. अर्ज करण्याआधी आधार प्रमाण धरून बाकीची नावं दुरुस्त करून घ्या. दुसरं कारण खातं. सरकारी पैसे आता आधारला जोडलेल्या खात्यात जातात, आणि जिथे शेवटचं जोडलं तिथेच. एक बाई सात महिने पैसे आले नाहीत म्हणून रडत होती. पैसे येत होते, पण कधीकाळी बचत गटासाठी उघडलेल्या आणि विसरलेल्या खात्यात. बँकेत जाऊन विचारा, माझं आधार सध्या कोणत्या खात्याला जोडलेलं आहे.

रेशनकार्डात मुलीचं, मुलाचं, जावेचं आणि तिच्या मुलीचं नाव आहे का तेही बघा. माणशी 5 किलो धान्य सध्या मोफत आहे, नाव नसलेल्याचं धान्य येत नाही.

तर या आठवड्यात एवढं करा. उद्या शाळा, दोन्ही मुलांसाठी. परवा नवऱ्याचं काम मागणारं पत्र पोस्टात. त्यानंतर विमा नंबर, आधार, बँकेचं पासबुक आणि ज्या सापडतील त्या पावत्या घेऊन विम्याचं शाखा कार्यालय. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज सेतूत आजच टाका, कारण पुढच्या बऱ्याच अर्जांना तो लागणार आहे. दिरांच्या मृत्यूच्या दाखल्याच्या चार प्रती आणि मुलीचा जन्मदाखला काढून जावेच्या हातात द्या. तिचे आणि तिच्या मुलीचे सगळे अर्ज तिच्याच नावाने, तिच्याच खात्यावर भरा. घरखर्च एकत्र असला तरी ते खातं वेगळंच राहू द्या.